गूळ गेला, दाणे राहिले

जरा डोळे मिटा. पायाखाली वाळू आहे, इतकी तापलेली की एका जागी उभं राहवत नाही. समोर खेजडीचं एकटं झाड, त्याची सावली चाळणीसारखी विरळ. त्या सावलीत एक माणूस उकिडवा बसून मुंग्यांकडे बघतोय. सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही. दिसला? मग उघडा डोळे.

हा आमच्या ढाणीतला, वाळवंटातल्या या चार घरांच्या वस्तीतला मेंढपाळ, खींवाराम. त्याची बायको तीजा माघात तापानं गेली. तेव्हा तो मेंढ्या घेऊन माळव्यात होता. निरोप मिळून घरी पोहोचेपर्यंत बारावाही उरकला होता. तीजा रोज मुंग्यांना मूठभर पीठ घालायची. म्हणून हा दर अमावस्येला तिच्या नावानं बाजरीचं पीठ, दाणे आणि गूळ बिळापाशी ठेवू लागला. पहिला दाणा आत गेला म्हणजे तिनं घेतलं; तोवर जेवायचं नाही, असा नेम.

ही तिसरी अमावस्या. दाणे आजही जिथल्या तिथं होते.

"बापू, सोगरा खा ना," त्याची नऊ वर्षांची मुलगी पेमली बाजरीची भाकरी पुढं करत म्हणाली.

"तिनं घेतलं नाही अजून."

"मा रागावली नाहीये तुमच्यावर."

"मग घेत का नाही? शेवटचं पाणी पाजायला नव्हतो मी. माझ्या हातचं कशाला घेईल?" तो वाळूवर रेघा ओढत राहिला. "तुला मामाकडं ठेवतो. मी मेंढ्यांमागं जातो, परत यायचो नाही."

पेमली धावत माझ्याकडे आली. इथली शाळा मीच चालवतो.

"माटसाब, मुंगीला माणूस ओळखू येतो?"

सगळं ऐकून मी विचारलं, "बिळापाशी काय काय राहिलं?"

"पीठ अन् दाणे."

"आणि गूळ?"

ती थबकली. "गूळ नाही राहिला. चाटूनपुसून नेला."

"मग मला नको विचारूस. मुंगीला विचार. तिच्या तोंडात काय आहे बघ, दाराशी काय टाकलंय बघ."

ती खेजडीखाली पोटावर आडवी झाली. त्या मुंग्या काळ्या, चकचकीत, लांब पायांच्या होत्या. झाडावर रिकाम्या तोंडानं चढत, गोड रसानं पोट फुगवून उतरत. बिळाच्या दाराशी साधं टरफलही नव्हतं. हे मकोडे; त्यांना गोडच लागतं.

ऊन उतरल्यावर ती घरामागच्या खळ्याकडे गेली. मा ओंजळ झाकून तिकडेच जायची. वाटेत शेपूट वर करून सुसाट पळणारी एक मुंगी दिसली. तिच्या तोंडात मेलेली माशी होती. ही नव्हे. मग वाळूत भांगासारखी सरळ वाट दिसली. वाटेवर मुंग्यांची रांग, काहींची डोकी अंगाला न शोभणारी मोठी, आणि बहुतेकींच्या तोंडात भुरट गवताचं बी. बिळाभोवती पाखडलेल्या कोंड्याचं गोल कडं होतं. कड्याशेजारी एक सपाट दगड. दगडाच्या खाचांत जुनं, कडक झालेलं पीठ.

पेमली त्या खाचांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग डोळे पुसून बापाला हाताला धरून घेऊन आली.

"शंभर मेंढ्या तोंडावरून ओळखता, अन् मुंगी ओळखत नाही? तिकडं मकोडे होते, बापू. माची मुंगी ही."

खींवाराम दगडाकडे बघत राहिला. "मला कुठून ठाऊक असणार? मी घरी होतोच कधी?"

त्यानं मुठीतले दाणे वाटेच्या कडेला सोडले. मोठ्या डोक्याची एक मुंगी रांग सोडून आली. तिनं दाणा उलटा केला, पुन्हा सुलटा केला, उचलला आणि मागं ओढत बिळात नेला.

"घेतलं?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

ही मुंगी कुणाच्याही हातचा दाणा नेते, हे आता पेमलीला कळलं होतं.

"घेतलं," ती म्हणाली. तिनं ओढणीच्या टोकाची गाठ सोडली, आतल्या सोगऱ्याचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा बापाच्या हातावर ठेवला.