झुंबरशेठचा आठवडा

दिवाकरगुरुजींच्या घरी पाहुणे येत नसत, यजमान येत. हा फरक मालिनीबाईंना लग्न होऊन पंचवटीत आल्या आल्या कळला. पाहुणा दोन दिवसांनी लाजतो आणि जातो. यजमान लाजत नाही, कारण तो दक्षिणा देऊन राहतो. कुणी वडिलांच्या अस्थी घेऊन येई, कुणी नुसतंच गंगेत बुडी मारायला येई, पण उंबऱ्यात पाय ठेवला की प्रश्न एकच, "माताजी, चाय मिलेगी?" मालिनीबाईंनी आजवर इतक्या लोकांच्या पितरांसाठी खीर-वडे केले होते की स्वर्गात त्यांच्या नावाची एखादी खाणावळ चालू असायला हरकत नव्हती.

सिंहस्थाच्या आदल्या वर्षी, थंडी सरता सरता, खांडव्याचे झुंबरशेठ बायकोसह आले. कापसाचे मोठे व्यापारी, पिढ्यान् पिढ्यांचे यजमान. आईचं श्राद्ध आटोपल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गंगापूर धरणापाशी आमचा एक आठवडा आहे. यंदा तो तुम्ही घ्या."

गुरुजींना आधी वाटलं, आठवडा हे एखाद्या शेताचं नाव असेल. मग शेठनी समजावून सांगितलं. धरणाकाठी एक रिसॉर्ट झालंय. तिथली खोली कुणी विकत घेत नाही, खोलीतला दरवर्षीचा एक आठवडा विकत घेतात. यंदा त्याच आठवड्यात सुनेचं बाळंतपण, म्हणजे तो वाया जाणार. त्यापेक्षा ब्राह्मणाच्या पदरात टाकला तर पुण्य तरी लागेल.

गुरुजींनी आजवर गाय, सोनं, छत्री, गादी-उशीसकट पलंग, सगळं दान घेतलं होतं. आठवडा कधी घेतला नव्हता. पण दान नाकारायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. शेठच्या हातून पळीभर पाणी सोडवून त्यांनी तो स्वीकारला.

शेठाणी आत येऊन मालिनीबाईंना म्हणाली, "बहनजी, वहाँ कुछ करना नहीं पड़ता. बस बैठे रहो."

हे वाक्य मालिनीबाईंच्या मनात जाऊन बसलं. बस बैठे रहो. कणीक मळताना त्यांना ते आठवे आणि हात थांबे. मेनरोडला जाऊन त्यांनी निळ्या फुलांचा नवा गाऊन आणला. अंथरुणात लोळतोय, कुणीतरी चहा आणून ठेवतंय, आपण "ठेव तिथं" म्हणतोय, असं एक चित्र त्यांनी रंगवून ठेवलं. गुरुजींनी शेठला वेगळंच काही विचारलं होतं आणि त्याचं उत्तर ऐकून तेही निश्चिंत झाले होते. पण ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही.

निघायच्या दिवशी गुरुजींनी पंचांगात सकाळचा मुहूर्त काढला. मुलगा आल्हाद सातपूरच्या कारखान्यात कामाला होता, सून मृण्मयी बँकेत. त्याने दोघांना गाडीने नेऊन सोडलं, तेव्हा हिरवळीवरचं दवही सुकलं नव्हतं. काउंटरवर दिशा नावाची मुलगी होती. तिने हसून नमस्कार केला आणि खोली दुपारी तीनला मिळेल म्हणून सांगितलं.

"तीनला?" गुरुजी म्हणाले. "आमच्याकडे लोक कधीही येतात. आम्ही दार उघडतो."

"सर, आधीच्या गेस्टचा आठवडा आज संपतोय. ते गेले की रूम साफ होईल, मग तुमचा सुरू."

तिने दोन ग्लासांत निळं सरबत आणून ठेवलं. असलं निळं गुरुजींनी फक्त शंकराच्या गळ्यात पाहिलं होतं. त्यांनी आधी नको म्हटलं, मग चाखलं, मग मालिनीबाईंचंही संपवलं आणि आणखी आहे का विचारलं. त्यानंतर सोफ्यावर त्यांना बसवेना. खोलीचा नंबर विचारून ते थेट दाराशी गेले आणि आतल्या सुरतच्या कुटुंबाला म्हणाले, "काय, आवरलं का?" रामकुंडावर पिंड पडले की मागच्या यजमानाला जागा करून द्यायची, याच आवाजात ते बोलले असावेत. सुरतवाले अर्ध्या तासात निघाले. तरीही खोली तीनलाच मिळाली.

खोली सुरेख होती. मोठा पलंग, बाल्कनी, खाली निळा पोहण्याचा हौद, पलीकडे धरणाचं पाणी. मालिनीबाईंनी चप्पल काढून गालिच्यावर पाय ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. भिंतीत एक घडीचं दार होतं. कपाट असेल, साड्या लावाव्यात, म्हणून त्यांनी ते सरकवलं.

आत ओटा होता. दोन विजेच्या शेगड्या, कुकर, तवा, चौघांची ताटं-वाट्या, चकचकीत सिंक. घरच्यापेक्षा कितीतरी छान ओटा होता, आणि हेच त्यांना जास्त लागलं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"स्वयंपाकघर," गुरुजी समाधानाने म्हणाले. "मी शेठना विचारूनच घेतलं होतं. असल्या ठिकाणी प्रत्येक खोलीला असतंच म्हणे. आपलं आपण करून खायचं." असं म्हणून त्यांनी आपली मोठी पिशवी उघडली. त्यात सोवळं आणि पोथ्या असतील असं मालिनीबाईंना वाटलं होतं. त्यातून तांदूळ निघाले, तूरडाळ निघाली, गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट आणि सगळ्यांत शेवटी जुन्या धोतरात गुंडाळलेलं पोळपाट-लाटणं.

"तुम्ही पोळपाट आणलंत," मालिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"इथल्या पोळपाटावर कुणी काय लाटलं असेल, सांगता येत नाही."

मालिनीबाई पलंगावर बसल्या. "मी करणार नाही."

"बरं, आत्ता दमली असशील. संध्याकाळी कर."

"संध्याकाळी नाही. उद्याही नाही. हा आठवडा मला दान मिळालाय."

"मला मिळालाय," गुरुजींनी दुरुस्ती केली.

"मग तुम्ही करा," त्या म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

त्याच वेळी खोलीची बाई टॉवेल घेऊन आली. मंगलाबाई तिचं नाव, जवळच्याच गावची. मालिनीबाईंनी तिला झुंबरशेठच्या बायकोबद्दल विचारलं. ती इथे खरंच नुसती बसून असते का?

"त्या? हो. लय बसत्या. त्यांच्यासंगं त्यांचा महाराज असतोय ना सैपाकाला." मंगलाबाईने टॉवेल ठेवले. "चादर बुधवारी बदलंल. मधी सांडलं तर तुमी बघा."

खाली उपाहारगृह होतं. पण हॉटेलचं अन्न खायचं नाही, हा गुरुजींचा कडक नियम होता. यजमान पैसे देत असेल तर तो थोडा सैल होई, हे सगळ्या पंचवटीला माहीत होतं. इथे यजमान नव्हता. तेव्हा गुरुजींनी उपरणं कमरेला खोचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बायको जागी असताना कुकर हातात घेतला.

भाताचा त्यांचा अनुभव दांडगा होता, पण एकाच प्रकारच्या भाताचा. त्यांनी झाकण उघडलं तेव्हा आत एक घट्ट, चिकट, मुठीत धरता येईल असा गोळा होता. त्यांनी तो सवयीने गोल करून ताटात मांडला.

मालिनीबाईंनी ताटाकडे पाहिलं. "तीळ विसरलात," त्या म्हणाल्या.

गुरुजी ताट घेऊन बाल्कनीत जेवायला बसले. कठड्यावर एक कावळा आला. त्याने मान वाकडी करून भात पाहिला, गुरुजींना पाहिलं आणि उडून गेला. मालिनीबाईंनी उशीत तोंड खुपसलं. किती वर्षांनी त्या एवढ्या हसत होत्या, त्यांनाच आठवेना.

संध्याकाळी खोलीतला फोन वाजला. जीवन नावाचा कुणी गोड आवाजात बोलत होता. नव्या पाहुण्यांची छोटीशी स्वागताची भेट ठेवली आहे, दोघांनी यायचं, नंतर दोघांना जेवण रिसॉर्टतर्फे. शेवटचं वाक्य ऐकताच गुरुजींनी धोतर बदललं.

जीवन तिशीचा, टाय लावलेला, देवळा तालुक्यातल्या कांदेवाल्या घरातला मुलगा होता. त्याने त्यांना काचेच्या टेबलापाशी बसवलं, बदाम पुढे केले आणि आपलं पाठ केलेलं सुरू केलं. माणूस आयुष्यभर राबतो, पण स्वतःसाठी वेळ कधी काढतो? सर, गेल्या पाच वर्षांत आपण सुटीला कुठे कुठे गेलात?

"सुटी म्हणजे?" गुरुजींनी विचारलं.

जीवन मालिनीबाईंकडे वळला. "मॅडम, तुमचं स्वप्नातलं ठिकाण कुठलं?"

असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मालिनीबाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. काश्मीर त्यांच्या डोळ्यांपुढे आलं, पण तिथे त्यांना थंडी वाजली असती. "जिथं ओटा नसेल तिथं," त्या म्हणाल्या.

जीवनचा चेहरा पडला, कारण पुढची दहा मिनिटं तो खोलीतल्या ओट्याचंच कौतुक सांगणार होता. त्याने घाईने तो भाग गाळला आणि आठवड्यांवर आला. एका खोलीचे वर्षभरात इतके मालक, प्रत्येकाचा आठवडा ठरलेला, मुलांना-नातवंडांना वारशाने मिळणार.

गुरुजी एकदम पुढे सरकले. "म्हणजे पाळी. आमच्या घराण्याकडे एका देवळाची पूजा आहे. माझ्या वाट्याला दीड महिना, बाकीचे चुलतभावांचे. हे तेच झालं की."

"एक्झॅक्टली, सर."

"आणि ज्याची पाळी तो आलाच नाही तर?"

जीवनने घसा साफ केला. "नाही आला तरी देखभालीचा वार्षिक खर्च भरावा लागतो, सर. थोडासाच असतो."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"न येता?"

"हो, सर."

गुरुजींनी तोंडाशी नेलेला बदाम परत बशीत ठेवला. त्यांच्या खापरपणजोबांपासून घराण्याने गंगेवर यजमान सांभाळले होते. यजमान बारा वर्षांनी येई, वीस वर्षांनी येई, तोवर इकडे फिरकत नसे, आणि मधल्या वर्षांचे पैसे मागावेत हे एकाही पूर्वजाला सुचलं नव्हतं. "हे कुणी काढलं?" त्यांनी आदराने विचारलं. त्यानंतर प्रश्न जीवन विचारेना, गुरुजीच विचारू लागले. पैसे थकवले तर काय करता? मेला तर कुणाकडून घेता? मुलं परदेशी असतील तर? गिऱ्हाईक सापडलं असं समजून जीवन उत्साहाने सांगत होता. गुरुजी घेणार काहीच नाहीत, फक्त विद्या घेऊन जाणार, हे मालिनीबाईंना केव्हाच कळलं होतं.

"म्हणजे लोकांना एकदा गळाला लावलं की झालं," गुरुजी शेवटी म्हणाले.

"तसं नही शे, काका," जीवनच्या तोंडून गावची बोली निसटली. त्याने टाय सैल केला.

मालिनीबाईंना त्याची दया आली. त्या म्हणाल्या, "मला एक विचारायचंय. आठवडा असला की नवऱ्याला आणावंच लागतं का?"

जीवन गोंधळला. "नाही, मॅडम. मालकाने दिलेला पास असला की झालं. एकट्या राहिलात तरी चालतं. खालचं जेवणसुद्धा सही केली की रूमवर लिहितात, बिल शेवटी."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. मग तिघे जेवायला गेले. गुरुजींनी पनीर दोनदा घेतलं. यजमान पैसे देत होता.

नंतरचा दिवसही पिंडासारखाच भात खाण्यात गेला. त्याच्या पुढच्या सकाळी आल्हादचा फोन आला की बऱ्हाणपूरचे यजमान आलेत, अस्थी घेऊन, सात-आठ माणसं आहेत. गुरुजींचा चेहरा उजळला. ते भराभर डाळ-तांदूळ पिशवीत भरू लागले.

"चल गं, आवर."

मालिनीबाई नवा गाऊन घालून बाल्कनीत बसल्या होत्या. "आठवडा संपला नाही अजून."

"अगं, यजमान आलेत."

"येऊ देत. तुम्ही जा."

"आणि त्यांच्या जेवणाचं?"

"चौकातल्या मेसवाल्याला सांगा. मृण्मयीला सांगू नका, तिला बँकेत जायचं असतं."

गुरुजी पोळपाट हातात धरून उभे राहिले. त्यांनी शास्त्रात काही आधार सापडतो का पाहिला. बायको एकटी रिसॉर्टमध्ये राहिली तर काय, यावर ऋषींनी काहीच लिहून ठेवलं नव्हतं. ते रिक्षाने गेले.

त्या दुपारी मालिनीबाईंनी फोन करून चहा मागवला आणि मुद्दाम पलंगावर आडव्या झाल्या. पोऱ्याने ट्रे आणला. त्या "ठेव तिथं" म्हणाल्या. पुडीतली दुधाची भुकटी, कोमट पाणी, दोऱ्याला लोंबणारी चहाची पिशवी. चहा अगदीच भिकार होता. पण तो त्यांनी केलेला नव्हता. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

पुढचे दिवस असेच गेले. साडी घोट्याच्या वर धरून त्या हौदात पाय सोडून बसत. एका संध्याकाळी हाउजी खेळल्या आणि प्लॅस्टिकची साबणदाणी जिंकल्या. मंगलाबाईशी गप्पा होत. तिच्या सासूची, हिच्या सासूची, दोघी वारल्या होत्या हे बरं, यावर एकमत झालं. बुधवारी चादर बदलली.

तिकडे गुरुजींनी बऱ्हाणपूरच्या यजमानाला दरवर्षीच्या देखभाल खर्चाची कल्पना समजावून सांगितली. यजमानाने ती शांतपणे ऐकून घेतली आणि शेजारच्या गुरुजींचं घर कुठलं ते विचारलं.

आठवडा संपल्यावर आल्हाद आणि गुरुजी त्यांना न्यायला आले. काउंटरवर दिशाने जेवणाचं बिल पुढे केलं. ते पाहून गुरुजींनी डोळे मिटले आणि पुटपुटत राहिले. मंत्र होता की आणखी काही, ते ऐकू आलं नाही. पैसे मात्र त्यांनी दिले.

गाडी गंगापूर रोडला लागली. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव होते. गुरुजी मागे न वळता म्हणाले, "काय केलंस इतके दिवस?"

"काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही."

आल्हादने आरशातून आईकडे पाहिलं. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती.

"नुसतं बसायचं, एकटीने," गुरुजी म्हणाले. "कंटाळा नाही आला?"

मालिनीबाईंनी जरा आठवून पाहिलं. "आला ना," त्या म्हणाल्या. "एक दिवस तर फार आला. इतकं बरं वाटलं."