आधी रडार

“मग पहिल्यांदा काय फोडत्यात, सर?” टीव्हीवरच्या युद्धाच्या बातम्यांचा आवाज वाढवत शेजारच्या अमरसिंहानं विचारलं.

“रडार,” भूपाल चौगुले सवयीनं बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. स्वयंपाकघरातला भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता.

हवाई दलातली नोकरी आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरातल्या भरती अकादमीत शिकवणं, एवढंच भूपालसरांचं आयुष्य. पण एक धडा ते असा रंगवत की भिंतीनंही सॅल्यूट ठोकावा. शंभर वर्षांपूर्वी काही लष्करी डोक्यांनी लिहून ठेवलं होतं, ज्याच्या हाती आकाश, तोच युद्ध जिंकणार. शत्रूची विमानं उडायच्या आत जमिनीवरच फोडा. तेव्हा लोक हसले. पुढच्या युद्धांत तसं करणारे जिंकले. फक्त रडार त्या बिचाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. रडारवर येणारी विमानं लांबूनच दिसू लागली, म्हणून पुढच्यांनी धड्यात भर घातली: आधी रडार फोडा, मग विमानतळ. हे सर पोरांकडून घोकून घेत.

आणि त्यांची लेक ऐश्वर्या सीमेवरच्या रडारवरच होती. बायकोला त्यांनी सांगितलं होतं, पोरगी ऑफिसात बसते, एसीत.

राजमती पिठाच्या हातानं दारात आली. “आपली ऐशू रडारवरच हाय न्हवं?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तिनंच. अप्पास्नी बोलू नगं म्हनाली, काळजी करत्यात.”

अमरसिंह उठून गेला.

दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्या जैन घराचा नेम. पानं वाढली. तेवढ्यात टीव्हीवर बातमी आली, सीमेवरच्या एका रडार केंद्रावर हल्ला. कुठल्या, ते कुणी सांगेना. भूपालसर पार हादरले. आपण ज्या धड्यावर टाळ्या घेतल्या तो पलीकडंही कुणी मास्तर शिकवतच असणार, आणि त्याचीही पोरं हुशार निघाली असणार. ऐश्वर्याचा फोन लागत नव्हता. दोघं ताटांसमोर तशीच बसून राहिली. बाहेर अंधारून आलं.

मग फोन वाजला. सरांनी तो स्पीकरवर टाकला.

“अप्पा, मी बरी हाय. हल्ला झालता. जे उडत आलं ते आम्ही वाटंतच पाडलं.”

“शाब्बास माझ्या वाघिणी!” सर ओरडले आणि लहान मुलासारखे रडले.

राजमतीनं फोन घेतला. गॅस पेटवायच्या आधी शेगडी पुसून मुंगी बघणारी बाई ती.

“त्यात माणूस हुता का गं?”

“अगं, असलं फोनवर इचारू न्हाय,” सर म्हणाले.



“हुता, आई.”

राजमतीनं डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाली, “जेवलीस का, बाळा?”

 पोरीचे हुंदके तेवढे ऐकू येत राहिले. सरांनी उठून टीव्ही बंद केला.