मलपृष्ठावरची शेळी

तुम्ही माझ्या आईने रंगवलेलं चित्र मधोमध कापलंत, अर्धं फेकून दिलंत आणि उरलेल्या अर्ध्याखाली ‘चित्रकार अज्ञात’ अशी पाटी लावलीत. संग्रहालय म्हणे! खाटीकसुद्धा काय कापतोय ते बघून सुरी चालवतो.

मी जुनी मासिकं जमवतो. रद्दीच्या दुकानात, घर रिकामं करणाऱ्यांच्या दारात, कुठेही. बायको म्हणते, "आता मासिकं तरी राहतील या घरात, नाहीतर मी." पण अंक घेताना मी आधी मागची बाजू बघतो. आई मुखपृष्ठ रंगवायची तेव्हा एकच चित्र पुढून मागे पसरलेलं असायचं. पुढे मासिकाचं नाव मिरवायचं, म्हणून सही ती मागे करायची. तुम्ही अंकांचे खंड बांधताना मलपृष्ठ म्हणजे जाहिरातच, असं धरून ती सरसकट फाडलीत. वा रे शहाणे!

प्रदर्शनाला आईला घेऊन गेलो. चौकटीत तिने रंगवलेली बाई: हात कपाळावर, नजर लांब. खाली लिहिलेलं, ‘विरहाने व्याकुळ स्त्री’. आई इतकी हसली, की तिला खुर्ची आणून द्यावी लागली.

"अरे, कसला डोंबलाचा विरह! तिच्या नवऱ्याचा सदरा शेळी खातेय!"

मी पिशवीतून माझा अख्खा अंक काढला आणि तिच्या मांडीवर पालथा उघडून ठेवला. बाईची नजर जिथे जाते तिथे, मागच्या पानावर, दोरीवरचा सदरा बाहीपर्यंत चघळलेला, शेळी निवांत, आणि तिच्या खुरापाशी आईची सही. लोक जमले, खोखो हसायला लागले. तेवढ्यात तुमचे प्रमुख आले.

"आजी, हा अंक आमच्याकडे जमा करा. मग समिती विचार करेल."

"आजी तुमच्या घरी. मी चित्रकार आहे. जमा केला तर लावणार कसा?"

"आमच्या चौकटी एका पानाच्याच मापाच्या आहेत. मधून अलग करावा लागेल."

आईचं हसू मावळलं. "पहिल्यांदा कापलंत ते माझ्या पाठीमागे. आता माझ्या देखत कापणार?"

"आजी, तशी पद्धतच आहे."

"शेळीने निदान एकच सदरा खाल्ला होता," ती म्हणाली आणि अंक मिटून माझ्या हातात दिला. "घाल रे पिशवीत."

तेव्हा नीट ऐका. अंक माझ्याकडे आहे, त्यावर सही आहे, आणि सही करणारी बाई ठणठणीत आहे. अंक तुम्हाला मिळणार नाही. फोटो हवे तेवढे काढून न्या. चौकट मोठी करा, नाहीतर ते अर्धं चित्र भिंतीवरून उतरवा. समिती बसू दे नाहीतर झोपू दे, मला घेणं नाही. पाटीवर माझ्या आईचं नाव कधी लावताय? ती स्वतः येऊन वाचू शकेल तेव्हा, की ती गेल्यावर हार घालायला? बोला.