डाव्या नळीचा चोक

मी डावी नळी बोलतेय. बसा जरा. चहा पाजता येत नाही मला, पण गोष्ट सांगता येते.

नागपूरच्या सदरमधल्या एका बंदुकीच्या दुकानात, काचेच्या कपाटात, उजव्या बहिणीला चिकटून मी उभी आहे. आम्ही जन्मापासूनच जोडलेल्या. पहिला बार तिचा. तिचा हुकला तरच माझी आठवण होते.

विलायतेत मला घडवणाऱ्याने माझं तोंड केसभर अरुंद ठेवलं. त्या अरुंदपणाला चोक म्हणतात. त्यातून निघालेले छर्रे एकमेकांना धरून लांबवर जातात. बहिणीचा चोक अर्धा, माझा पुरा, म्हणजे फुल चोक. माझी सगळी अब्रू त्या चिमूटभर जागेत.

दुकानाचे मालक मधुसूदन. त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं लाकडाची चमक बघायची, वेलबुट्टी बघायची, आणि आरशासमोर मला खांद्याला लावून मिशा बघायची. एकोणीसशे सत्तरच्या आसपास रुपराव आले. त्यांनी नागमोडी कडांचं दोन पैशांचं नाणं काढून माझ्या तोंडावर ठेवलं. नाणं आत जाईना. गालात हसले.

"बोलून तं सारेच चांगले असतात, मधुभाऊ. कागदावर पाहू दे."

वाडीच्या पलीकडे एक बंद पडलेली खदान होती. तिथे बांबूच्या चौकटीवर खळीने वर्तमानपत्र डकवलं, दोरी आणि पेन्सिलीने गोल काढला आणि ठरलेल्या अंतरावरून बार टाकला. मग दुसऱ्या कंपनीची काडतुसं, मग तिसरीची. लोक भोकं मोजतात. रुपराव भोकांमधल्या रिकाम्या जागा बघत. नेमबाजीत मशिनीतून चकती उडते, तिला 'कबूतर' म्हणतात. ते कबूतर निसटेल एवढी फट कुठे राहते, हा त्यांचा सवाल.

त्यांच्या वडिलांचा उमरेडला हातमाग होता. कागद उन्हाकडे धरून ते म्हणाले, "उजवी विरळ विणते. जवळच्या कबुतराले ठीक. डावी घट्ट विणते गा. दूर गेलेल्याले हेच पाहिजे." अशी माझी निवड झाली. इतकं बरोबर मला कोणीच वाचलं नव्हतं.

रुपरावांचं पाइप-फिटिंगचं दुकान होतं. ते चालवायचा धाकटा भाऊ शालिकराम. आई लवकर गेली, त्यामुळे रुपरावांनीच त्याला वाढवलेलं. लायसनवर त्याचंही नाव होतं, पण त्याने कधी बार काढला नाही. दादाची बंदूक पुसायची आणि दादा जिंकला की गल्लीत पेढे वाटायचे, एवढीच त्याची हौस.

मग राज्याच्या संघाची निवड नागपुरातच ठरली. रुपराव पन्नाशीला आले होते आणि डोळे अधू होत चालले होते. या वेळी नाही तर कधीच नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि नेमका त्यांना मलेरिया झाला.

मधुसूदन भेटायला आले. रुपराव अंथरुणातून सांगत होते, "उजवीची फिकीर नाही. भरवसा डावीवर. डावी फुल चोक आहे गा." शालिकराम चहा घेऊन दारात पोचला तो शेवटच्या वाक्याला.

त्याच्या दुकानात दिवसभर हेच रडगाणं: नाली चोक झाली, सिंकचा पाइप चोक झाला. तो बिचारा दुसरा अर्थ कुठून आणणार? त्याने सळईला चिंधी बांधून आमच्यात फिरवली. बहिणीतून सरळ गेली, माझ्या तोंडाशी अडली. दादाला उठल्यावर खूश करू म्हणून मला गोणपाटात गुंडाळून हिंगण्याला ओळखीच्या लेथवाल्याकडे नेलं.

"तोंडाशी दाबलंय काही," लेथवाला म्हणाला.

"तेच तं. मोकळं करून दे."

भोक रुंद करणारा रीमर फिरला. माझी अब्रू भुकटी होऊन खाली पडली आणि संध्याकाळी झाडून नेली.

रुपराव उठून बसले. बंदूक उघडून सवयीने नाणं माझ्या तोंडावर ठेवलं. ते घरंगळत आतून गेलं आणि बुडातून त्यांच्या मांडीवर पडलं.

"झाली ना मोकळी, दादा?" शालिकराम समोर उभा. "पार चोक होती. हिंगण्याले नेऊन साफ केली."

रुपरावांनी मांडीवरचं नाणं खिशात टाकलं. मग म्हणाले, "झाली गा. मस्त झाली."

दुसऱ्या दिवशी खदानीत कागद लावला. माझं विणकाम उसवलेल्या गोधडीसारखं. रुपरावांनी क्रम बदलून पाहिला, जवळच्याला आधी मी, मग दूरच्याला बहीण. पण चापावरचं बोट जुन्या सवयीनेच चालायचं. मधुसूदन चिडले. "कोणी केलं हे? सोडा, माझी बंदूक घ्या."

"नोको. शालिक डबा घेऊन येऊन राहिला पाहायले. हातात दुसरी बंदूक दिसली तं विचारंन, काहून म्हणून."

निवडीच्या दिवशी जवळची कबुतरं बहिणीने फोडली. निसटलेली माझ्या वाट्याला आली. मी छर्रे पाठवले, ते भोवती सांडले, आणि चकती अख्खीच्या अख्खी गवतात उतरली. पुन्हा पुन्हा.

झाडाखाली डबा उघडला. शालिकराम म्हणाला, "वारा लई होता, दादा."

"हो गा. झुणका वाढ."

संघात रुपरावांचं नाव आलं नाही. नंतर काही वर्षांनी रुपरावच गेले, आणि मी इथे जमा झाले. शालिकराम येत राहायचे. कपाटाजवळ बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, "डावी चोक होती. म्या साफ करून देल्ली."

मधुसूदन विषय बदलायचे. पण गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाने माझ्या तोंडात डोकावून विचारलं, "असली बंदूक, आणि डावीचा चोक कोण्या गाढवानं काढला?"

गिऱ्हाईक गेलं. शालिकरामांचा चहा तसाच निवला. "चोक म्हंजे काय वो, मधुभाऊ?"

मधुसूदनांना सांगावं लागलं. थोड्या शब्दांत सांगितलं.

"दादाले मालूम होतं?"

"नाही," मधुसूदन म्हणाले. माणूस भला, म्हणून खोटं बोलला.

"तरीच." शालिकराम उठले. "मालूम असतं तं तोंड पाहिलं नसतं माह्यं."

त्यानंतर ते आलेले नाहीत.

मला तोंड आहे, पण त्यातून असला निरोप जात नाही. तुमचं तसं नाही. पाइप-फिटिंगचं दुकान इथून दोन गल्ल्या पलीकडे आहे. एवढं सांगाल त्यांना? दादाला मालूम होतं. पहिल्याच दिवशी, नाणं मांडीवर पडलं तेव्हाच. आणि तरी त्यांनी झुणका मागून घेतला.