मिस व्हर्नेलचं मत

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या कियॉनाने माउंट नीबो चर्चमधल्या चाळीस बायकांना एकच प्रश्न विचारला होता, नोव्हेंबरात मत दिलंत का? चाळीसही जणी हो म्हणाल्या. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्तीत मतदानामागे चर्चचा हात किती, हा तिचा विषय. निबंध शुक्रवारी पीएच.डी.च्या अर्जासोबत जायचा होता आणि सरकारी यादी आत्ता कुठे हाती आली होती. कोणाला मत दिलं ते त्यात नसतं, दिलं की नाही एवढंच असतं. मिस व्हर्नेलच्या नावापुढे रकाना कोरा.

मिस व्हर्नेल, ज्यांनी दिवसभर चर्चची व्हॅन हाकून वस्तीला मतदानाला नेलं, आणि लहानपणी कियॉनाला खोटं बोलू नये हे शिकवलं, त्याच.

प्राध्यापक फोनवर खूश झाले. हेच तर सोनं, म्हणाले. लाजेपोटी माणसं खोटं सांगतात, असं सरळ लिही. कियॉनाला आनंद व्हायला हवा होता. तो काही होईना, तेव्हा ती मिस व्हर्नेलच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

त्या पालेभाजी धूत होत्या. यादीचं ऐकूनही हात थांबला नाही. त्यांचं मतदान केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला. सगळ्यांना पोचवून तिथे गेल्या, तोवर दार लागलं होतं.

"मग मला हो का सांगितलंत?"

"त्रेचाळीस माणसं नेली मी. त्यातला आपल्या चर्चचा कारभारी, डीकन, तर चपलासुद्धा घालेना. आणि तू विचारतेस मत दिलं का. नाही कसं म्हणू?"

"पण मी लिहू काय?"

"कॉलेजात तू गेलीस, बाळा. मी आपली गाडी चालवते."

गुरुवारभर कियॉना 'हो' लिहून खोडत होती, 'नाही' लिहून खोडत होती. शेवटी 'नाही' ठेवलं. खरं तेच होतं. प्राध्यापकांनी सांगितलेलं लाजेचं वाक्य खरं नव्हतं, पण त्याच्या जागी काय घालावं ते सुचेना. ते तसंच ठेवून निबंध पाठवला.

रविवारी पांढरे हातमोजे घातलेल्या मिस व्हर्नेलनी तिला दंडाला धरून पहिल्या बाकावर नेलं आणि पाद्रीबाबांना मध्येच थांबवलं.

"आपल्या पोरीने मोठ्या विद्यापीठात अर्ज केलाय. उठा सगळे."

सगळं चर्च उठलं. तिच्यासाठी प्रार्थना करायला बायकांनी तिच्या दिशेने हात पुढे केले. कियॉनाने डोळे मिटले खरे, पण नंबर लागावा म्हणून प्रार्थना करावी की लागू नये म्हणून, हेच तिला कळेना.