चाळ्याची माळ

मित्रांनो, मी एक जुनी माळ आहे. जपाची नव्हे, नुसता चाळा करायची. ग्रीसमधल्या वोलोस बंदराजवळच्या एका अरुंद दुकानात म्हाताऱ्या कारागिराने माझे मधाच्या रंगाचे तेवीस मणी ओवले. आमच्याकडे पुरुषमाणसे कॉफी पीत बसली, की अशी माळ बोटांवर खेळवतात.

मला अर्गिरिसने घेतले. तो बंदरावर क्रेन चालवायचा. डॉक्टरांनी सिगारेट बंद करायला लावली, तेव्हा त्याच्या रिकाम्या बोटांना काहीतरी काम हवे होते. ते मी अकरा वर्षे पुरवले. त्याचे मित्र माझे मणी उजेडात धरून पाहायचे आणि मी फुशारून जायचे.

त्याची बायको आसिमिना मात्र माझ्या टकटकीला विटली होती. त्यातून अर्गिरिसच्या तोंडी कायम एकच शब्द, "बघू." नळ गळतोय? बघू. लेकीकडे जायचं? बघू. आणि प्रत्येक 'बघू'पाठोपाठ माझी टक्! तो निवृत्त होऊन दिवसभर घरी बसू लागला, तसा तिचा धीर सुटला. एका सकाळी तिने मला मसुरीच्या डब्यात टाकले.

अर्गिरिसने कोटाचे खिसे चाचपले, खुर्चीखाली पाहिले आणि शोध सोडून दिला. घर शांत झाले. पाच आठवड्यांनी कोट धुवायला घेताना आसिमिनाला खिशात सिगारेटचे पाकीट सापडले. मग तिने डबा उघडला, मला पुसले आणि त्याच्यासमोर ठेवले.

"मीच लपवली होती," ती म्हणाली. "टकटक सोसेन मी. धूर नको."

"त्रास होत होता, तर सांगायचंस की."

"शंभरदा सांगितलं. तू काय म्हणायचास?"

त्याच्या ओठांवर 'ब' आला आणि तिथेच अडला. दोघेही हसले. पाकीट कचऱ्यात गेले.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात तो छातीच्या एक्सरेसाठी आत गेला, तेव्हा मला तिच्या हाती देऊन गेला. बाहेर बसल्या बसल्या आसिमिनाची बोटे आपोआप चालू लागली. शेजारच्या बाईंनी वैतागून पाहिले. "जरा सोसा, बाई," ती हळूच म्हणाली, "माझा माणूस आत आहे." एक्सरेत काही निघाले नाही.

मित्रांनो, कुणाच्या सवयीचा त्रास झाला, तर जरूर सांगा. पण ती मोडण्याआधी कशापायी जडली, तेवढे विचारा. आणि आम्हा माळांचा दोरा वर्षातून एकदा बदलत जा. माझा कालच बदलला, आसिमिनाने.