राजाला लावलेलं कुंकू

पालेगावच्या आमच्या घरात देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी आणि इंग्लंडचा राजा असे तिघे शेजारी शेजारी बसत. राजा चांदीचा होता. माझा आजा धर्मा गायकर पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे लढला आणि जखमी साहेबाला गोळीबारातून पाठीवर घालून घेऊन आला, म्हणून सरकारने त्याला शौर्यपदक दिलं. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला पानांची वेल. आजीने राजाचं तोंड वर करून ते देवात ठेवलं. खंडेनवमीला गाव कोयते नि नांगर पुजायचं, तेव्हा आमच्या घरी राजालाही हळदकुंकू लागायचं. ते उलटून कोणी बघितलं नाही. देवाला कोण पालथा घालतो?

या सवयीनेच आमचा घात केला.

त्र्याऐंशी साली शरदचंद्र टिपणीस आमच्या ओटीवर आले. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मोठे अधिकारी होते आणि नाद होता जुन्या लष्करी वस्तूंचा. पदकं, बिल्ले, टोप्या, काहीही. म्हाताऱ्या शिपायांची घरं शोधून काढायचे, चहा प्यायचे, लढाईच्या गोष्टी ऐकायचे. माझ्या वडिलांना, आण्णांना म्हणाले, "आठवडाभर द्या. कुठल्या लढाईचं आहे ते ओळखून सांगतो. शिवाय साफ करून देतो." साहेब आपल्या घरात खाली मांडी घालून बसला, एवढ्यावरच आण्णा विरघळले. आठवड्याने राजा चकचकीत होऊन परत आला. आईने त्याला तिथल्या तिथे कुंकू लावलं.

दोन वर्षांनी खंडेनवमीच्या पूजेत फुलं वाहताना ते पदक खाली पडलं आणि पालथं झालं. मागे वेल नव्हती. घोड्यावर बसलेला एक उघडाबंब माणूस होता. सदूकाका, म्हणजे आण्णांचा धाकटा भाऊ, लहानपणी बापाच्या मांडीवर बसून त्या वेलीवर बोट फिरवायचा. त्याने सगळ्या भावकीसमोर विचारलं, "आण्णा, बापाचा पदक कुठं इकलास?"

आण्णा तडक टिपणीसांच्या बंगल्यावर गेले. व्हरांड्यात पाहुणे बसले होते. टिपणीस शांतपणे म्हणाले, "तुम्ही दिलं तेच मी परत दिलं. घरातच चौकशी करा. आणि जरा कमी घेत चला." आण्णा सणासुदीला थोडी घ्यायचे, हे खरंच होतं. हे बोलणं गावात पोचलं आणि तेवढंच पुरलं. सूटबुटातला माणूस खोटं कशाला बोलेल, म्हणून सदूकाकाने सख्ख्या भावाला सोडून साहेबावर विश्वास ठेवला. थोरला म्हणून पूजेचा मान आण्णांचा होता, तो काकाने काढून घेतला. ते घोडेवालं पदक आईने ट्रंकेत टाकून दिलं. त्यानंतर दर खंडेनवमीला आण्णा मागच्या दारी बसून राहायचे. सत्त्याऐंशीला ते गेले. डॉक्टर म्हणाले काळीज थकलं होतं. मी म्हणते, दोघांनी मिळून मारलं त्यांना, एकाने चोरी करून आणि दुसऱ्याने चोराचं खरं मानून.

तोवर मी लग्न होऊन जांभूळला गेले होते आणि उल्हासनगरला परसराम सेठच्या कारखान्यात कामाला लागले होते. तिथे बक्कलं, शाळेचे बिल्ले, बक्षिसाची पदकं ठोकत. नव्वदच्या नवरात्रात टिपणीसांनी अंबरनाथच्या एका हॉलमध्ये आपल्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं. स्वयंसेवकांचे बिल्ले आमच्याकडे होते, ते पोचवायला मी गेले.

काचेच्या पेटीत मला माझा राजा दिसला. त्याच्या नाकाच्या खाचेत, कानामागे, आजीच्या हातचं कुंकू तसंच होतं. खाली चिठ्ठी होती: हवालदार धर्मा गायकर, पालेगाव, यांचे शौर्यपदक, पुण्याच्या व्यापाऱ्याकडून प्राप्त. म्हणजे चोरून वर आण्णांच्या कपाळावर विकल्याचा शिक्काही मारला. पेटी फोडावी असं वाटलं. पण फोडली असती तर चोर मीच ठरले असते. मी मागच्या खुर्चीवर बसले आणि त्यांचं भाषण ऐकलं.

बरं झालं ऐकलं. टिपणीस सांगत होते, "उल्हासनगरवाले वाटेल ती नक्कल करतील. पण देव्हाऱ्यात पुजलेल्या वस्तूवर हळदकुंकवाचे थरावर थर बसतात. ते कोण करणार? मी टाचणीने थर बघतो आणि अस्सल ओळखतो. तो थर मी कधी धूत नाही, तोच पुरावा." मग त्यांनी भिंतीवरचं एक मोठं चित्र दाखवलं. कंपनी सरकारच्या काळात शिपाई छातीवरच्या पट्ट्याला एक पितळी पाटी लावायचे. "आपल्या भागातली अशी एक पाटी मी कित्येक वर्षं शोधतोय. कुणाच्या तरी घरी टाक समजून पुजत असतील." टाक म्हणजे देवाचा ठसा उठवलेला पत्रा, आमच्याकडे घरोघरी असतो.

माणूस आपल्या हाताने आपला फास वळून देतो, तो असा.

चित्र मी डोळ्यात भरून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन कागदावर उतरवून आणलं. आमच्या कारखान्यात डाय, म्हणजे ठशाचे साचे, कोरणारा हरिचंद्र होता. त्याला मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "पितळ जुनं आण." आईची फुटलेली घागर दिली. पाटी झाल्यावर मी तिच्या पाठीवर आणखी थोडं कोरून घेतलं.

मग माझं काम सुरू झालं. तेल, हळद, कुंकू, उदबत्तीची राख. बोट फिरवायचं, चुलीवर धुरात सुकवायचं, राखेने हलकं पुसायचं, की पुन्हा बोट. अख्खा उन्हाळा नि अर्धा पावसाळा. देवाला लावावं तसं मन लावून लावत होते, पण तोंडात नाव देवाचं नव्हतं. सासू म्हणायची, "कुठला देव ग हा?" मी म्हणायचे, "आहे एक, उशिरा पावणारा."

श्रावणात मी सदूकाकाकडे गेले. इतक्या वर्षांनी त्याच्या दारात उभी राहिले. "काका, आज्याचं पदक परत आणते. तुम्ही फक्त सोबत चला. माझे मामेसासरे म्हणून बसा आणि तोंड उघडू नका."

"आण्णान् इकला तो आता कसा गावंल?"

"चला तर खरं."

बंगल्यावर टिपणीसांनी मला ओळखलं नाही. गरिबाच्या लेकीचा चेहरा कोण लक्षात ठेवतो? पाटी घेऊन ते थेट खिडकीच्या उजेडात गेले. टाचणीने कोपऱ्यातला थर उचलला, भिंग लावलं, पुन्हा उचलला. "काय घ्याल?"

"देव विकत नाहीत साहेब. सासूबाई म्हणाल्या, देवाच्या बदल्यात देव आण. पुजलेलाच पाहिजे."

त्यांनी तलवारीची मूठ दाखवली, शिंग दाखवलं. मी मान हलवत राहिले. शेवटी त्यांनी आमचा राजा काढला. मी त्याला हात न लावता म्हटलं, "हे तर पुण्याच्या व्यापाऱ्याचं ना? प्रदर्शनात वाचलं. त्याच्या दुकानात कोण पूजा करणार? कुंकू मागाहून लावलेलं असेल."

ते हसले. पाटी हातची जाईल ही भीती एकीकडे, आणि आपली ओळख चुकीची ठरवतेय ही बाई, हे दुसरीकडे. "पुण्याचं लोकांसाठी लिहिलंय हो. मी स्वतः पालेगावच्या एका देव्हाऱ्यातून आणलं आहे हे. त्या माणसाला तसंच दिसणारं दुसरं ठेवून दिलं, सगळ्या शिपायांना सरसकट वाटलेलं. दोन वर्षं पत्ता नव्हता त्याला. मग बोंबलत आला होता."

सदूकाका कपबशी खाली ठेवून उठायला लागला. मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला आणि दुसऱ्या हाताने पदक उचललं.

बाहेर फाटकाशी काका वळला. "त्याचा मुडदाच पाडतो."

"ज्या दिवशी पाडायचा होता, त्या दिवशी तुम्ही आण्णांना पाडलंत. आता गप चला. त्याचं अजून बाकी आहे."

नवरात्रात पुन्हा प्रदर्शन भरलं. पाटी मधोमध, मखमलीवर. मुंबईहून एक निवृत्त कर्नल खास ती बघायला आले होते. टिपणीसांनी पेटी उघडून पाटी त्यांच्या हातात दिली, तेव्हा मी पुढे झाले.

"साहेब, ती मीच दिली होती. मागे मालकाचं नाव आहे. लिंबाने पुसलं की दिसेल." लिंबाची फोड मी घरूनच नेली होती.

"नाही, नाही," टिपणीस घाईने म्हणाले, "थर जाईल."

"नाव असेल तर बघायलाच हवं, टिपणीस," म्हणत कर्नलांनी फोड घेतली आणि पाटी पालथी घातली. तांबडं-पिवळं पाणी त्यांच्या पांढऱ्या रुमालावर उतरलं. खाली कोरीव अक्षरं उजळत गेली. त्यांनी ती सगळ्या हॉलला ऐकू जातील अशी वाचली: "आण्णा धर्मा गायकर, पालेगाव. यांनी पदक विकले नाही. उल्हासनगर, १९९१."

कोणीतरी मागे फिसकन हसलं. कर्नलांनी पाटी टेबलावर ठेवली आणि बाकीच्या पेट्यांकडे नजर टाकून विचारलं, "यातलं आणखी काय काय तुम्ही असंच ओळखलंय?" टिपणीस पाटी उलटी करून अक्षरं झाकायला लागले. मी ते डोळे भरून बघितलं. मला मुळीच दया आली नाही.

खंडेनवमीला मी पालेगावला गेले. भावकी जमली होती. काकाने सगळ्यांसमोर आण्णांच्या फोटोपुढे कान धरले, रडला, आणि ओंजळ पुढे केली. "गोदू, दे. पूजा करतो."

मी पिशवीत हात घातला आणि पदक त्याच्या ओंजळीत ठेवलं. त्याने ते पालथं करून बघितलं. घोड्यावरचा उघडा माणूस होता.

"यो नाय ग. आपला दे."

"तुमचा हाच," मी म्हटलं. "याच्यासाठी मरेपर्यंत भावाला मागच्या दारी बसवलंत. आता पुजा त्याला."

आज्याचं पदक जांभूळला माझ्या देवात आहे, वेल वर करून. काकाने ते दुसरं खरंच देवात ठेवलंय म्हणतात. दर खंडेनवमीला त्याला कुंकू लावतो आणि त्या दिवशी जेवत नाही.